हातउसना

केमीच्या बंदरात समुद्र गोठला
की आर्वोच्या दुकानाची काच आतून घामेजते.
तीवर मी बोटानं लिहिते: जुने गेम घेतो, देतो.
दुपारपर्यंत अक्षरं ओघळतात. पुन्हा लिहिते.

आर्वो म्हणजे आमच्याकडे मोल.
नाव ठेवताना आईबापांना काय ठाऊक,
हा जन्मभर डब्यांवरच्या चिकटपट्ट्या
नखानं खरवडत बसेल.
पंचवीस, मग अकरा, मग चार युरो.

डिस्क तो अशी धरतो:
बोट भोकात, अंगठा कडेला,
दिव्याखाली तिरकी.
ओरखड्यांवरून सांगतो
घरात मांजर होतं की लहान पोर.

मी मात्र डाउनलोड करते. त्याला सांगितलेलं नाही.
उणे सत्तावीसमध्ये कोण जातं दुकानात,
त्याच दुकानात नोकरी असली तरी?
रात्री अकराला, पांघरुणातून, एक बटण.
खात्यातून पैसे जातात,
निळी पट्टी सरकू लागते
आणि वाटतं, आपण काहीतरी घेतलं.

फेब्रुवारीत तुओवीबाई आल्या.
हातमोजे काढायलाच वेळ लागला.
मग पर्समधून चौकटीच्या कागदाची घडी:
मुलाचं नाव, खाली पासवर्ड,
त्यातलं एक अक्षर दोनदा गिरवलेलं.
"यात दोनशे चौदा गेम आहेत.
लाउरीनं पगारातून घेतलेले, पंधरा वर्षं.
बघा, किती देता."

आर्वोनं कागद दिव्याखाली धरला.
सवयीनं. तिरका.
"हे विकता येत नाही."
"चोरीचे नाहीत हो. पावत्या आहेत."
"तसं नाही. ते त्याचे नव्हतेच.
त्याला नुसते खेळू दिले होते."
"कोणी?"
ते आम्हा दोघांनाही नीट सांगता येईना.

मग मीच पुढे झाले.
दुकानातल्या यंत्रावर नाव टाकलं, पासवर्ड टाकला.
पडदा म्हणाला: तुमच्या फोनवर
सहा आकडे पाठवले आहेत.
फोन त्यांनी जानेवारीतच बंद केला होता,
उगाच महिन्याचं बिल कशाला म्हणून.
सहा आकडे निघाले तर होते.
आम्ही तिघं थोडा वेळ
पडद्याकडे बघत उभे राहिलो.

पर्सच्या तळाशी एक डबीही होती.
ती त्यांच्या लेखी किरकोळ.
बर्फावरच्या शर्यतींचा गेम, झाकणाला तडा.
आतल्या पुस्तिकेवर, भांड्यांवर घालतात तशी, नावं:
ओस्सी, खोडलेलं.
पिर्क्को, खोडलेलं.
लाउरी.
आणि खाली, हिरव्या शाईत:
वेसाला हातउसना. मे महिन्यात परत घेणे.

"वेसा कोण?"
"वेसा," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.
"मासळीच्या गोदामाशेजारी राहतो.
भांडले होते दोघं, चार वर्षं बोलत नव्हते.
पण डबी तर लाउरीच्या टेबलावर होती.
म्हणजे तो येऊन गेला असणार."

आर्वो म्हणाला, चार युरो.
मग म्हणाला, सात.
नऊ वर्षांत मी त्याला
भाव चढवताना पाहिलं नव्हतं.
बाईंनी डबी पर्समध्ये ठेवली,
मोजे घातले, एकेक बोट करून.
कागद विसरल्या.
तो अजून गल्ल्यात आहे, चिल्लर नाण्यांखाली.

त्या रात्री माझी पट्टी त्रेसष्टवर अडली.
मी पेन हातात घेऊन बसले होते, कशाला कोण जाणे.
सकाळी गेम पुरा उतरला होता.
खेळलेही. छान आहे.
द्यावासा वाटला कुणाला तरी.

काल संध्याकाळी एक उंच माणूस आला,
बुटांवर माशाचे खवले.
विचारलं, ते जुनं यंत्र मिळेल का,
बर्फाच्या शर्यती चालायच्या ते?
"बाईंना शिकवायचंय," एवढंच म्हणाला.

आर्वोनं माळ्यावरून खोकं काढलं,
फुंकर मारली,
आणि नखानं चिकटपट्टी खरवडायला घेतली.