चवीचं रजिस्टर

खिचडी उतरली की कुणीतरी चाखायची,
सही करायची, मग पोरांची पंगत.
असा नियम. आमच्या शाळेत ही सही हेडसरांची :
रुबाब हसन तडवी, निळ्या शाईत,
शेवटच्या वेलांटीचं टोक
केळीच्या पिलासारखं वर निघालेलं.

सुकी नदीच्या काठचं गाव. चौथीपर्यंत वर्ग,
एकसष्ट पोरं, दोन शिक्षक : ते आणि मी.
पटावर तडवी, कोळी, पाटील, पावरा, एक मन्यार.
परिपाठाला आधी सरांचा आवाज, मग पोरांचा.
मौलाना बऱ्हाणपूरला गेले की
मशिदीतही तोच आवाज पुढे उभा राहतो.
आरिफा सांगते, "मॅडम, तिथं सर हळू बोलतात."

फाल्गुनात रमजान आला. सकाळची शाळा.
सर म्हणाले, "महिनाभर चाखायचं तुमच्याकडे."
एवढंच. घंटा हलली नाही,
फळ्यावरचा सुविचार रोजच्यासारखा, तिरपा.
फक्त पाण्याच्या टाकीकडे
पाठ करून बसू लागले.

मी सही करत गेले. चव : उत्तम. चव : उत्तम.

दोन आठवड्यांनी विस्तार अधिकारी आले, बऱ्हाटे साहेब.
हातात अर्ज, खाली : एक जागरूक पालक.
"शाळेत नमाज होते?"
"होते, माझी," सर म्हणाले.
"शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, मशिदीत."
साहेबांनी भिंतीवरची सरस्वती पाहिली,
मी तिला वाहिलेलं जास्वंद पाहिलं,
काही लिहिलं नाही.
मग माझ्याकडे वळले : "चव तुम्ही का घेता?"

एक वाक्य होतं माझ्याकडे.
नियमात शिक्षक लिहिलंय, साहेब, मीही शिक्षकच.
मी म्हणाले, "सरांनी सांगितलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी सरांनी चमचा मागितला.
सुपडाबाईनं झाकणच दाबून धरलं :
"नका सर, मले पाप लागीन."
त्यांनी जिभेच्या टोकावर दोन शितं ठेवली,
हिशेब जुळवत असल्यासारखे उभे राहिले,
भिंतीपलीकडे जाऊन थुंकले, चूळ भरली,
येऊन लिहिलं : मीठ कमी.
बाईनं तोंड फिरवूनच मीठ घातलं.

मग रोज तसंच.
मशिदीच्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं,
रोजा राहिला का याचा?
आणि मौलाना बऱ्हाणपूरला गेले तेव्हा
पुढे दुसराच कुणी उभा राहिला.
हेही आरिफानंच सांगितलं, पाढे म्हणता म्हणता,
बारा पंचे साठ, मॅडम, सर मागे होते, बारा सक बहात्तर.

मी विचारलं नाही. सरच बोलले एकदा,
हजेरीची बेरीज करता करता, मान वर न करता :
"चाखलं, मॅडम. गिळलं नाही.
साहेबांना हेच लिहून दिलं.
ओट्यावरही हेच सांगितलं."
मग म्हणाले, "भिकनचा हातचा राहिला बघा वजाबाकीत."

ईदच्या आदल्या दिवशी रजिस्टर माझ्याकडे आलं,
महिन्याचा गोषवारा काढायला.
त्यांच्या रकान्यात : मीठ कमी. ठीक. हळद जास्त.
डाळ कच्ची, पुन्हा शिजवली. ठीक.
माझ्या रकान्यात बारा वेळा उत्तम.

त्यातले दोन सोमवार.

सोमवारी माझा उपास असतो, लग्नाच्या आधीपासून.
सगळ्या शाळेला ठाऊक आहे.
सुपडाबाई घरून केळं आणते माझ्यासाठी,
सर त्या दिवशी चहाला हाक मारत नाहीत.
त्या दोन्ही दिवशी मी खिचडीला
बोटसुद्धा लावलं नव्हतं.

अर्जात याबद्दल काही नव्हतं.

पेन उघडलं, त्या रकान्यांवर धरलं.
बाहेर सुपडाबाई ताटं मोजत होती,
अठ्ठावन्न, एकोणसाठ,
कुणीतरी मध्येच हाक मारली, मोजणी चुकली,
तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.