बॅटरी खाली धरा

येलदरीच्या मागच्या पाण्यावर
माघ उतरताना
आम्ही तिघं परभणीहून रात्री उशिरा पोचलो.
दोन मोटारसायकली, एक तंबू,
प्लास्टिकही न काढलेले नवे कोरे गळ,
आणि वैजनाथचा तो स्पीकर,
दिसायला लिंबाएवढा,
वाजायला लग्नाएवढा.

काठाला सपाट जागा एकच.
बेशरमीच्या झुडपांतून थेट पाण्यात उतरलेली,
पायांनी झिजून गुळगुळीत झालेली.
कुणाच्या पायांनी,
हे कुणीच विचारलं नाही.
मोकळी दिसली, म्हणून आमची.
शहरात गाडी लावायला जागा अशीच मिळते.

मुजीबनं कपाळावरचा दिवा पेटवला
आणि पाण्यावरून सावकाश फिरवला,
मासे दिसतात का बघायला.
तेव्हा अंधाराच्या आतून एक बाई बोलली.
ओरडली नाही.
पाण्यावरून साधा शब्दही चालत येतो.
"बॅटरी खाली धरा, बाबाहो."
एवढंच.
आम्ही हसलो. खाली धरली.
मग विसरलो.

दोन वाजेपर्यंत गाणी.
गळाला एक चिलापीसुद्धा नाही.
कणकेचे गोळे तसेच्या तसे वर आले,
घरच्या पोळीसारखे ओळखीचे.
"ह्या पाण्यात मासाच नाही," वैजनाथ म्हणाला,
आणि पाण्यालाच दोष देऊन झोपला.

मला पहाटे जाग आली.
कशानं, ते आधी कळेना.
तंबूच्या जाळीतून पाहिलं,
तर एक म्हातारा, एक म्हातारी,
दोघांच्या मध्ये थर्माकोलचा तराफा,
आणि गुडघाभर गाळ.
आमच्या तंबूला लांबून वळसा घालून
पाण्याकडे चाललेले.
एक दोरी आम्ही पार गाळापर्यंत ताणलेली.
तिथं म्हातारा थांबला. अंदाज घेतला.
निजलेल्या लेकराला ओलांडू नये म्हणतात,
तसा दोरीलाही न ओलांडता
आणखी खोल गाळात उतरला.
म्हातारी कुजबुजली,
"हळू. लेकरं झोपलीत."

आमच्यातलं सगळ्यात धाकटं लेकरू
अडतीस वर्षांचं होतं.

ते परत आले तेव्हा उन्हं वर आली होती.
तराफ्यावर चार रोहू, थोडा झिंगा.
मी पुढं झालो. काय बोलावं ते सुचेना,
म्हणून भाव विचारला.
सटवाजी भोई हसला.
"रात्री उजेड पडला, मासा तळाला गेला.
तुमचा बी गेला, आमचा बी."
मग तंबूकडे न बघता म्हणाला,
"हितून जाळं सोडतो आम्ही.
तिकडं पाण्यात बाभळी हायत, जाळं फाटतंय."
"मग रात्रीच उठवायचं ना आम्हाला!"
यावर केवळबाई बोलली, पदरानं हात पुसत,
"लांबून आलेलं माणूस. उठवतंय का कुणी?
तुमी इचारलं असतं, तर जागा दाखवली असती."

आणि दाखवली.
खडकाचं नाक, तिथून वीस पावलं,
"पाणी काळं दिसतंय ना, तिथं कटला येतो.
बोलू नका मातर."

आम्ही तंबू उपटला.
खुंट्यांच्या भोकांत माती भरताना
बोटांना जुने खवले लागले,
नखाएवढे, चकाकते.
वैजनाथनं स्पीकर सॉक्समध्ये कोंबला.
मुजीब काठावरच्या बाटल्या गोळा करत राहिला,
आमच्या तीन,
बाकीच्या कुणाच्या तरी.

कटला लागला की नाही, ते सांगत नाही.
मासे पकडणाऱ्याचं खरं कोण धरतं?

पण हल्ली रात्री पाणी प्यायला उठलो
की मोबाइलचा उजेड मी फरशीला टेकवतो,
भिंतीच्या कडेकडेनं जातो.
बायको कूस बदलते,
"काय सांडलं?"
काही नाही, म्हणतो.
झोप.