मे महिन्यात वाजत नाही

शुक्रवारी पहाटे साडेचारला हातिमभाईनं
मटन स्ट्रीटच्या फुटपाथवर चादर अंथरली.
टॉर्चच्या उजेडात दोन इस्त्र्या, दवाखान्यातला वजनकाटा
आणि तो डबा.
"डोअरबेल आहे," म्हणाला. "साडेतीनशे."
मी दोनशे म्हणालो, हात खिशात ठेवून,
कारण हात लटपटताना दिसला की हातिमभाई आकडा बदलतो.

घरी असे सोळा आहेत, सगळे विलायती.
एक ताटलीसारखा गोल, एक पाचरीसारखा,
एकाचा निळा रंग कुणाच्या तरी बुटानं खाल्लेला.
एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात
लोकांच्या लाइनीवरची खरखर काढली,
आता पेन्शनीतून खरखर विकत घेतो.
हे वाक्य बायकोचं. पाहुणे आले की ऐकवते.

सुरुवात म्हणे बिघाडानंच झाली.
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा स्टुडिओत
यंत्राचा एक कप्पा नासला,
गिटार घसा बसल्यासारखी घोगरली,
आणि मेकॅनिकला हाक मारण्याआधी
कुणीतरी म्हणालं, राहू दे.
मग तसंच बिघडणारं खोकं निघालं, दुकानांत गेलं.
इथे मात्र आलं नाही.
कस्टम, परवाने, परकीय चलन.
आला तो नुसता आवाज,
बोटीवरच्या बँडवाल्यानं आणलेल्या एका तबकडीतून.

झाकणाचे चार स्क्रू. चौथा गंजलेला.
शेंगदाणा तेलाचा डबा कापून, उलटा वळवलेला पत्रा,
त्यामुळे छापील अक्षरं आतल्या बाजूला: "…फाइंड".
स्विच म्हणजे ॲम्बॅसिडरचा पायाखालचा डिपर.
दोन ट्रान्झिस्टर, त्यांच्यावर पोस्टातली लाल लाख ओतलेली,
म्हणजे शेजारच्या दुकानदाराला नंबर वाचता येऊ नये.
आणि पेन्सिलीनं, हिशेबाच्या अक्षरात:
हि. परेरा, कावेल. ऑक्टो. ७१.
रु. ४० पैकी २५ जमा.
कारखानीस रेडिओज, मुगभाट.

लाख खरवडली नाही.
सोळांपैकी तिघांची खरवडली होती, एकेकाळी.
ते तिघे आता नुसते डबे आहेत.

बॅटरी लावली. काही नाही.
दुपारी पुन्हा. फुस्स.
जर्मेनियमला उकाडा सोसत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.
रात्रभर फ्रिजमध्ये, ताकाच्या पातेल्याशेजारी ठेवला,
सकाळी वायर जोडली, तार छेडली,
आणि तो बोलला.
तंबाखू खाल्लेला, चिडका, ओला आवाज,
विलायती एकाचाही असा नाही.
चार मिनिटं. मग परत उन्हाळा.

मुगभाटात दुकानाच्या जागी झेरॉक्स आहे,
पण वरच्या मजल्यावर कारखानीसबाई आहेत, वय नव्वदीला टेकलेलं.
हिलरी? हो, लांब केसांचा. तबकडी घेऊन यायचा.
"हे तीनतीनदा ऐकायचे. सुई बदलून ऐकायचे.
मला म्हणाले, अगं, हा मुलगा चांगला रेडिओ बिघडवून मागतोय."
पुढे तो मस्कतला गेला. की कुवेतला.
हे गेले त्यालाही सत्तावीस वर्षं झाली.
यांनी केलेलं ते यंत्र वाजताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.
घरात नको, असं त्यांनीच सांगितलेलं, सासरे आजारी होते.

म्हणून काल पुन्हा गेलो.
भाऊच्या धक्क्यावरून थर्माकोलचा खोका, बर्फासकट,
त्यात प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला कारखानीसांचा डबा.
जिन्यात मावशींनी विचारलं, सुरमई आहे का?
भाच्याची गिटार, पुस्तकाएवढा अँप्लिफायर.
बाईंनी कानातलं मशीन नीट बसवलं, पदर सावरला,
मी डिपर दाबला.

चारही मिनिटं त्या हलल्या नाहीत.
आवाज आधी बारीक झाला, मग चिरका, मग गेला.
खोक्यातून टपटप पाणी फरशीवर.

"बिघडलंय हे," त्या म्हणाल्या.
आणि जरा वेळानं, जुना हिशेब एकदाचा लागल्यासारखं,
"म्हणूनच पंधरा रुपये दिले नसतील त्यानं."