उलो

आमोण्याच्या सड्यावर, काजूंच्या बागेकडे पाठ करून
माझी छत्री उभी आहे. तीन मीटर.
आग्नेलोने केबलचा धंदा मोडला तेव्हा
भंगाराच्या भावात दिली, वर एक बाटली हुर्राक.

हायड्रोजनची लहर एकवीस सेंटिमीटर,
म्हणजे माझी एक वीत.
कोणी हाक मारलीच तर याच पट्टीत मारेल
असा आमचा अंदाज. अंदाजच.
रात्रभर मी ही वीत आभाळाला लावून बघते.

ऐकू येतो मिनेझिसच्या बारमधला फ्रीझर,
दर अकरा मिनिटांनी. नदीतल्या खनिजाच्या बार्जी.
कुणाच्या तरी स्कूटरचा प्लग.
एकदा आठवडाभर एक नेमका ठोका,
मी जेवण विसरले, झोप विसरले,
तो निघाला खालच्या वायंगणात
रानडुकरांसाठी लावलेल्या तारेचा.

आणि फेब्रुवारीतली ती एक रात्र.
तीन वाजून सात मिनिटं. एकोणीस सेकंद.
फ्रीझर नव्हे, बार्ज नव्हे, उपग्रहही नव्हे, सगळं तपासलं.
मग चार वर्षं छत्री त्याच जागी रोखली.
काही नाही.
वहीत मी प्रश्नचिन्हसुद्धा काढलं नाही,
नुसती वेळ लिहिली.

माझे आजोबा शाबलो. तारी आडनावाने, तारी धंद्याने.
पूल नव्हता तेव्हा पलीकडून माणूस उलो मारायचा,
तोंडाभोवती हात धरून: ओ ताऽऽरी!
आजोबा ओ देत नसत.
तेवढा दम वल्ह्याला पुरतो, म्हणत.
कंदीलही नाही, तेल महाग.
भरतीचा रोख बघायचा आणि होडी लोटायची.
पलीकडच्याने तोवर नुसतं उभं राहायचं,
काळोखाकडे तोंड करून,
आपली हाक पोचली की बुडाली, हे न कळता.

एका रात्री ते गेले तर काठावर कोणीच नव्हतं.
चिखलात पावलं, पाण्यापर्यंत आलेली,
मग वळलेली.
गाव म्हणालं, देवचार.
आजोबांनी वल्हं धुऊन भिंतीला टेकवलं.
"कोणें तरी उलो मारलो. म्हाका उशीर जालो."
एवढंच. पुन्हा तो विषय नाही.

आपणही हाक मारावी का, यावर पुण्यातल्या बैठकीत
मोठमोठ्याने भांडण होतं. मी गप्प असते.
माझ्याकडे पावलंही नाहीत,
एका फाइलीत जेमतेम एकोणीस सेकंद,
आणि ही शंका की तिकडून ओ येणार नाही,
कोणीतरी केव्हाच निघालेलं असेल,
आणि पाणी फार रुंद आहे.

सहाला इनासियो पोदेर सायकल ढकलत चढ चढतो.
"मेळ्ळें?" रोज विचारतो.
"ना." रोज सांगते. चार उंडे घेते.
तो सुटे पैसे मोजतो, उताराला लागतो,
वळणावर दोनदा भोंपू दाबतो.
त्याला कोणी ओ देत नाही.
लोक उठतात आणि दार उघडतात.