कळ

अठरा वर्षं सोहारच्या पॉटलाइनमध्ये
साडेतीन लाख अँपियरच्या शेजारी उभा आहे मी.
तिथे खिशातल्या किल्ल्या आपोआप ताठ होतात,
घड्याळं मरतात,
बँकेचं कार्ड बाहेर ठेवून आत जावं लागतं.
त्या विजेने मला कधी बोट लावलं नाही.

लावलं ते नटबोल्टच्या एका लाकडी पेटीने.
वाकलो, उचलली,
कंबरेत काहीतरी कट्टकन जागा सोडून गेलं.
रिपोर्ट केला नाही.
मेडिकलमध्ये 'अनफिट' लिहिलं
की पुढचं तिकीट एकाच बाजूचं असतं.

त्याला आता पाच वर्षं.

हे यंत्र साबणाच्या वडीएवढं.
नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी,
चार चिकट चकत्या, साडेतेरा रियाल.
मिसरी फार्मासिस्ट बाई म्हणाली,
'दर्द रहेगा. सिर्फ दरवाजे पे भीड होगा.'

शिबू चकत्या लावतो.
कोल्लमचा, फोर्कलिफ्टवर असतो, हात गार.
यहाँ? वर. यहाँ? अजून डावीकडे.
आपलंच दुखणं, पण
दुसऱ्याच्या बोटाने शोधावं लागतं.
डिंक कधीच संपलाय. तो पाण्याचं बोट फिरवतो,
पाकीट चिकटवावं तसं.

आधी एक मुंगी.
मग वारूळ.

चिपळूणच्या आयटीआयमध्ये खांबेटे सर
पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
जिवंत तारेजवळ एक हात खिशात.
तिला माणसातून वाट मिळाली
की ती दुसरीकडे बघत नाही.
इथे आलेल्या किती पोरांना मी हेच शिकवलं.
आणि आता पालथा पडून म्हणतोय,
शिबू, अजून एक पॉइंट वाढव.

तो विचारतो, बटणाला तुमच्यात काय म्हणतात?
कळ.
आणि हे, कमरेतलं?
तेही कळच.
कन्फ्यूजन नहीं होता?
होतं ना. त्याचेच तर पैसे दिलेत.
दोघी एका दारात उभ्या,
आत कोण येतंय
ते मणक्याला वीस मिनिटं कळत नाही.

मग यंत्र आपणहून बंद पडतं.
एसीची घरघर परत ऐकू येते,
खाली कुणाच्या तरी कुकरची शिटी.
ती येतेच.
पण आज जरा उशिरा,
दारात चपला काढून.

शिबू चकत्या सोलतो,
चार केस जातात त्यांच्याबरोबर.
दहाला रात्रपाळी.

पॉटलाइनच्या गेटवर पाटी आहे:
पेसमेकर असलेल्यांना प्रवेश नाही.
दुखण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.
लॉकरमध्ये कार्ड ठेवतो, घड्याळ ठेवतो,
वायरी गुंडाळून यंत्र ठेवतो,
आणि उरलेलं घेऊन
आत जातो.