पाणी कुठे मुरतं

कपाट सरकवलं आणि मागे बुरशी.
कुणीतरी दौत सांडून
भिंतीचाच टिपकागद केल्यासारखी.
फेब्रुवारी होता. पाऊस जाऊन चार महिने झालेले.
कन्नमवार नगरात सगळ्यांच्या भिंती कोरड्या,
आणि माझ्या लेकाच्या छातीत
रात्रभर कुणी कागद चुरगाळत होतं.

पहिला आला तो स्कूटरवरून उतरला
शेड कार्ड उघडतच.
"ताई, घासून दोन हात मारतो डॅम्पप्रूफचे,
गणपतीपर्यंत बघायला नको."
कोरडा ब्रश उचलला त्याने, पोराचा बिछाना शेजारीच.
थांबा, म्हटलं. राहू द्या.

दुसऱ्याने फोटो मागवले.
फोटोवरून निदान, फोटोवरून आकडा:
अठ्ठ्याऐंशी हजार, दहा वर्षांची गॅरंटी.
"कंपनी किती वर्षांची?"
"या नावाने ना? तीन महिने."

तिसरा ग्रेगरी तुस्कानो, वसईचा.
चपला बाहेर काढल्या. चहा नको म्हणाला.
आधी नुसतं विचारत बसला:
कधीपासून? सकाळी जास्त की रात्री?
नळाला पाणी किती वाजता येतं?
वरचे आंघोळ कधी करतात?

वरच्यांचं वेळापत्रक मला तोंडपाठ.
दोन वर्षं शृंगारपुऱ्यांना
मी पाण्यातच पाहत होते.

उलट्या हाताने त्याने भिंतीचा ताप पाहिला.
नाण्याने ठोकत गेला, पोकळ वाजलं तिथे पेन्सिलीची फुली.
मीटरचे दोन काटे टेकवून
आकडा भिंतीवरच लिहिला, खाली तारीख.
मी विचारलं, "कुठून येतंय?"
"अजून माहीत नाही."

इतकं स्वच्छ वाक्य
या भिंतीसमोर कुणी बोललं नव्हतं.

तरी त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले.
भांडुपच्या एका बाईने अर्धा तास सांगितलं
त्याने कुठे चूक केली होती,
आणि ती निस्तरायला
पैसे न घेता तो कसा दोनदा परत आला.
मग काम त्यालाच दिलं.

वरच्या मोरीत त्याने लाल रंग ओतला.
एक दिवस. दोन दिवस. तिसराही.
भिंत लाल झाली नाही.
मला वाईट वाटलं.
वाईट वाटलं, याची लाज नंतर वाटली.

पाणी आमचंच होतं.
ओट्यामागे, फिल्टर टांगायला
मीच पाडून घेतलेलं भोक;
स्क्रूचं टोक पाइपात, केसाएवढं.
थेंब थेंब, दिवसरात्र,
कुठल्याच हिशेबात न धरलेलं.

लेकाला बहिणीकडे ऐरोलीला पाठवलं.
खोलीच्या दाराला प्लास्टिक, खिडकीत पंखा, तोंड बाहेर;
पोपडे ओले करून काढले, पिशव्या तिथेच बांधल्या.
रंग कुठला देऊ, म्हटलं,
तर हसला पहिल्यांदाच.
"एवढ्यात नाही. सोळाच्या खाली आल्यावर फोन करा."
मीटर ठेवून गेला.

आता रोज संध्याकाळी मीच काटे टेकवते, मीच लिहिते:
अडतीस. एकतीस. सव्वीस.
वर सहाला शृंगारपुरे बाईंची बादली वाजते.
जिन्याच्या चार पायऱ्या चढून
दोनदा परत आले आहे मी.

आज एकोणीस.