शेरा

फॉर्मवर नऊ रकाने.
तारीख, वेळ, भोकाचा क्रमांक,
हवेचं तापमान, वरच्या हिमाचा थर,
बर्फाची जाडी,
भोकात पाणी कुठवर चढलं,
मोजणाऱ्याचं नाव.
आणि शेवटी, दोन बोटं रुंद, शेरा.
मेरेते म्हणते, शेरा सक्तीचा नाही.

काणाकच्या खाडीवर मार्चची सकाळ.
गिरमिट मी फिरवते,
मेरेते भोकात मोजपट्टी सोडते,
पट्टीचा आडवा आकडा बर्फाच्या पोटाला अडकतो
आणि ती वाचते : एक मीटर चार.
मी लिहिते. पेन्सिलीने; शाई गोठते.

उसाकाकमामा बाजूला उभा,
लोखंडी टोकाची काठी घेऊन, त्याच्या बापाची.
एकदा ठोकतो. ऐकतो.
जरा डावीकडे सरकून पुन्हा ठोकतो.
"किती?" मेरेते विचारते.
"आहे," मामा म्हणतो.

मी सात वर्षांची असताना
त्याने मफलरने माझे डोळे बांधले होते.
म्हणाला, चल आता, तळव्यांना विचारत चल.
सीलच्या कातड्याच्या बुटांतून
जुना बर्फ मुका लागायचा,
नवा कुरकुरायचा,
आणि प्रवाहावरचा, पातळ,
तो कसा लागतो ते मला कधीच कळलं नाही
कारण त्याआधी मामाचा हात खांद्यावर यायचा.

बावीस कुत्री होती त्याच्याकडे. आता सहा.
मासे धरायला नाव लागते,
नाव ओढायला कुत्री लागत नाहीत.
उरलेल्या सोळांबद्दल आमच्या घरात
कुणी विचारत नाही.

भोक क्रमांक चौदा.
अकरा वर्षं तोच बिंदू, तेच अक्षांश-रेखांश.
मेरेतेच्या हातातला पडदा सांगतो,
अजून चारशे मीटर.
म्होरकी कुत्री थांबते, मागे बघते,
आणि बसते.
मग एकेक करून सगळीच.
मामा उतरून पुढे जातो, काठी टेकवतो,
ठोकतसुद्धा नाही,
परत येऊन थर्मासचं झाकण उघडतो.

मेरेते बराच वेळ त्या चारशे मीटरांकडे बघते.
वरून तर सगळं सारखंच पांढरं.
मी जाडीच्या रकान्यात शून्य लिहायला जाते
तर ती माझं मनगट धरते :
शून्य नको. शून्य म्हणजे मोजलं आणि नव्हतं.
आपण मोजलेलंच नाही.
आडवी रेघ मार.

मी रेघ मारते.
मोजणाऱ्याचं नाव : तेरा ओळी मेरेते, मेरेते, मेरेते.
चौदाव्या ओळीत मी लिहिते, उसाकाक.
शेरा : कुत्री बसली.

ती वाचते. खोडरबर तिच्याच खिशात आहे.
काढत नाही.

निघताना मामा कपातला गाळ हिमावर ओततो.
तांबूस भोक पडतं, वाफ निघते,
आणि दोघंही,
तो इकडून, ती तिकडून,
वाकून बघत राहतात
किती खोल गेलं.